दिनांक : अंकी व अक्षरी

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं जितकी भेटतात तितकी बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांची मिळून भेटत असतील की नाही, याबद्दल मला दाट शंका आहे. माझ्या माहितीत एक घर असं आहे की, तिथं आजोबा, वडील, दोन काका आणि एक आत्या असे झाडून सगळे १ जूनचे. एवढ्या माणसांचे वाढदिवस एकाच दिवशी करायचे म्हणजे केक आणायचा की बुंदी पाडायला आचारी बोलवायचा, असा प्रश्न पडावा. पण ह्या चमत्काराचं श्रेय ग्रहताऱ्यांना नाही. ते आहे जुन्या काळच्या प्राथमिक शाळेतल्या हेडमास्तरांना.

बाप पोराचं बखोट धरून शाळेत येई. मास्तर विचारीत, "जन्म कधीचा?" बाप म्हणे, "भुईमूग काढायला आला होता बघा, अन् थोरल्याचा बैल मेला, त्याच आठवड्यातला." हे उत्तर खोटं नव्हतं. उलट भुईमूग आणि बैल अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांनिशी दिलेलं होतं. पण रजिस्टरातल्या रकान्यात बैल मावत नसे. मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. शाळा जूनमध्ये सुरू होणार, तेव्हा वयही जूनमध्ये भरलं पाहिजे. मास्तर टाक दौतीत बुडवत आणि लिहीत : १ जून.

कॉम्प्युटरच्या भाषेत याला 'डिफॉल्ट' म्हणतात. म्हणजे आपण काही बोललो नाही तर समोरचा जे गृहीत धरतो ते. हॉटेलात 'एक चहा' म्हटलं की साखर घातलेलाच येतो, ती साखर डिफॉल्ट. नको असेल तर तोंड उघडून सांगावं लागतं. न सांगता 'गोड का केलास?' म्हणून पोऱ्यावर ओरडण्यात अर्थ नसतो.

मास्तरांच्या ह्या डिफॉल्टचे परिणाम पुढं अठ्ठावन्न वर्षं चालले. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, त्यानं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त व्हायचं, असा सरकारी नियम आहे. त्यामुळे ३१ मे ह्या दिवशी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांतून शाल-श्रीफळांची जी उलाढाल होते, ती पाहून नारळाच्या व्यापाऱ्यांनी त्या हेडमास्तरांचे फोटो दुकानात लावायला हरकत नाही.

तारीख नावाच्या प्रकरणात माझं लक्ष गेलं ते आमच्या भाच्यामुळे. हा भाचा 'डेटाबेस' सांभाळतो. पूर्वी लोक दुभती जनावरं सांभाळत, तसंच हे काम असावं. कारण रात्री दोन वाजताही त्याला फोन येतो आणि हा धडपडत उठतो. मी एकदा त्याला विचारलं, "अरे, तुमच्या त्या डेटाबेसात असतं तरी काय?" तो म्हणाला, "मामा, तक्ते असतात. उभे रकाने, आडव्या ओळी."

मला बरं वाटलं. हा शोध आमच्या वाण्याला ठाऊक होता. पण तक्त्यांचं शास्त्र बनवलं ते एडगर कॉड नावाच्या मूळच्या ब्रिटिश गणितज्ञानं. तो अमेरिकेत आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होता, आणि १९७० साली त्यानं एक निबंध छापला. माहिती तक्त्यांत ठेवा, तक्त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध गणिताच्या नियमांनी बांधा, आणि विचारणाऱ्याला फक्त 'काय हवं' ते विचारू द्या. 'कुठं ठेवलंय' हे त्याला कळायची गरज नाही. आमच्या घरात बायकोची पद्धत नेमकी हीच आहे. मी 'पासबुक' म्हणतो, ते येतं. कुठून येतं ते आजवर मला कळलेलं नाही.

आयबीएमनं स्वतः घाई केली नाही. १९७९ साली ओरॅकल बाजारात आलं. बर्कलेच्या विद्यापीठात 'इन्ग्रेस' झालं, त्याच घराण्यात पुढं 'पोस्टग्रेस' जन्मलं. मायक्रोसॉफ्टनं सायबेसच्या जोडीनं एसक्यूएल सर्व्हर काढला. १९९५ साली स्वीडनमध्ये मायएसक्यूएल निघालं. आज आपलं बँकेतलं खातं, रेल्वेचं रिझर्व्हेशन, गॅसचा नंबर, पेन्शन, सगळं ह्यांच्यापैकी कुणाच्या तरी पोटात आहे.

"आणि त्या पोटात," भाचा म्हणाला, "तारीख तुला दिसते तशी नसतेच."

हे मला नवीन होतं. ओरॅकल प्रत्येक तारखेला सात घरं देतो : शतक, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. त्यातही शतकात आणि वर्षात शंभर मिळवून ठेवतो, आणि तास-मिनिट-सेकंदात वर एक. आहेराच्या पाकिटात आपण वर एक रुपया घालतो तसा. एसक्यूएल सर्व्हरची जुनी तारीख १ जानेवारी १९०० पासून किती दिवस झाले ते मोजते. पोस्टग्रेस १ जानेवारी २००० पासून मोजतो. म्हणजे आत दिवस आधी की महिना आधी, हा प्रश्नच नाही. तारखेला आत रूप नसतं, आत्म्यासारखी असते. रूप येतं ते उंबरठ्यावर; आत शिरताना आणि बाहेर पडताना. आणि सगळी भांडणं, आपल्याकडच्या बहुतेक भांडणांप्रमाणे, उंबरठ्यावरच होतात.

भांडण असं. आपण आणि इंग्रज दिवस आधी लिहितो, मग महिना, मग वर्ष. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून बघा, वर 'जुलै ४, १७७६' अशीच तारीख आहे. गंमत म्हणजे त्या सणाचं नाव ते 'फोर्थ ऑफ जुलै' असं घेतात, तिथं दिवस आधी! इंग्रजांपासून सुटका झाल्याचा आनंद ते इंग्रजांच्या क्रमानं साजरा करतात. चीन, जपान आणि युरोपातलं हंगेरी यांचं तिसरंच : वर्ष आधी, मग महिना, मग दिवस.

आता ५/८ लिहिलं तर ते पाच ऑगस्ट की आठ मे? मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. ज्यांचा दिवसाचा आकडा बारा किंवा त्याहून कमी, अशा तारखा वर्षात बारा गुणिले बारा, म्हणजे १४४. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा तारखा निरुपद्रवी. उलट्या केल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातले १३२ दिवस असे आहेत की, ते उलटले तरी कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. १३/८ लिहिलं आणि यंत्र अमेरिकन वळणाचं असलं तर ते लगेच ओरडतं, की तेरावा महिना कुठून आणू? (तेरावा महिना फक्त दुष्काळात आणि म्हणीत असतो.) पण ५/८ ते मुकाट्यानं गिळतं. घरात चोर शिरला तर कुत्रा भुंकतो, पण चोरानं ओळखीच्या पाहुण्याचा सदरा घातला असेल तर शेपूट हलवतो, त्यातला प्रकार.

मग ह्या डेटाबेसवाल्यांनी आपापले डिफॉल्ट काय ठेवले? पोस्टग्रेस तारीख सांगताना वर्ष आधी सांगतो, अगदी आंतरराष्ट्रीय शिष्टाचारानं. पण ५/८ असं संदिग्ध काही कानावर आलं आणि वेगळी ताकीद दिलेली नसली, तर महिना आधी धरतो. बोलताना आंतरराष्ट्रीय, ऐकताना अमेरिकन. एसक्यूएल सर्व्हर तर माणूस पाहून वागतो. आत शिरणाऱ्याच्या नावापुढं भाषा 'अमेरिकन इंग्रजी' असेल तर महिना आधी, 'ब्रिटिश इंग्रजी' असेल तर दिवस आधी. शेजारी शेजारी बसलेल्या दोघा कारकुनांनी एकच तारीख टाकली तर एक ऑगस्टात पोचतो आणि दुसरा मे महिन्यात. त्यावर कडी म्हणजे, त्याच्या जुन्या पद्धतीच्या रकान्यात तुम्ही शहाणपणानं वर्ष आधी घालून '२०२४-०८-०५' लिहिलंत आणि भाषा ब्रिटिश असली, तर तो ती आठ मे वाचतो! मधल्या रेघा काढून आठही आकडे सलग लिहिले तरच तो सरळ वागतो. काही पाहुण्यांना पाटावर बसवलं की राग येतो, खुर्ची दिली की येत नाही, तसं.

सगळ्यांत पोक्त म्हणाल तर ओरॅकल. तो जन्मानं अमेरिकन. पण त्याचा डिफॉल्ट म्हणजे आधी दिवस, मग महिन्याची इंग्रजी तीन अक्षरं, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे. 'पाच-एयूजी-चोवीस'. महिना अक्षरात म्हटल्यावर वादच मिटला, असं तुम्हांला वाटेल. मलाही वाटलं. पण भाचा म्हणाला, "मामा, यंत्राची भाषा जर्मन केली की डिसेंबरचा 'डीईसी' चालत नाही, 'डीईझेड' लागतो." म्हणजे ऑगस्टात सुरळीत चाललेला कारभार ऑक्टोबरात अडतो, कारण जर्मन ऑक्टोबरात 'सी'च्या जागी 'के' असतो.

शिवाय हा डिफॉल्ट बदलायचा तर तो एका ठिकाणी नसतो, चार ठिकाणी असतो. हे समजायला एकत्र कुटुंब पाहिलेलं असावं लागतं. मुख्य यंत्रावर एक नमुना ठरवलेला असतो, हे आजोबा. त्यांनी सांगून ठेवलंय, 'आपल्या घरात तारीख अशी लिहायची.' पण ज्या टेबलावरून माणूस काम करतो, त्या यंत्राची स्वतःची सेटिंग असते. हा कर्ता मुलगा. मुलगा बोलला की आजोबांचा शब्द बाजूला. मग काम सुरू करताना त्या बैठकीपुरता हुकूम देता येतो, ही सून. सून बोलली की मुलगा गप्प. आणि शेवटी प्रत्यक्ष प्रश्न विचारताना त्या वाक्यातच 'ही तारीख अशी वाच' असं लिहिता येतं, हा नातू. नातवानं मागितलं की त्यापुढं कुणाचंच चालत नाही. आजोबांच्या खोलीत जाऊन सेटिंग बदलून आलेला माणूस मग कपाळाला हात लावून बसतो की, 'मी बदललं, तरी घरात फरक का पडत नाही?' अनुभवी लोक म्हणूनच सांगतात : आजोबांवर विसंबू नका, मुलावर विसंबू नका, दर वेळी नातवाकरवी मागा.

आता वर्षाचे दोनच आकडे. ही काटकसर छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या काळातली. एका कार्डावर ऐंशी खणांची जागा. तिथं दर तारखेला '१९' कशाला छापा? आपणही 'सन ६५ साली' असंच म्हणत होतो. बॉब बेमर नावाचा अमेरिकन तज्ज्ञ १९७१ पासून ओरडत होता की, शतक उलटलं की हे अंगाशी येईल. पण तीस वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यासाठी आज कोण झाडलोट करतो? शेवटी १९९८-९९ साली जगभर धावपळ झाली, आणि ती निस्तरायला आपल्याकडची मुलं विमानं भरभरून गेली. पुण्या-मुंबईतल्या कित्येक दोन खोल्यांच्या घरांचे तीन खोल्यांचे ब्लॉक झाले ते ह्या दोन आकड्यांच्या जोरावर.

पण दोन आकड्यांची खोड गेली नाही, फक्त तिला नियम लावले गेले. ओरॅकल आज ०० ते ४९ म्हणजे ह्या शतकातलं समजतो, ५० ते ९९ म्हणजे मागच्या. मायएसक्यूएल ०० ते ६९ ह्या शतकातलं धरतो आणि ७० पासून मागचं. ह्याचा अर्थ काय होतो पाहा. १९५५ साली जन्मलेल्या बाईंनी नुसतं '५५' लिहिलं, तर ओरॅकलच्या दृष्टीनं त्या आजीबाई आहेत. मायएसक्यूएलच्या दृष्टीनं त्या २०५५ साली जन्मणार आहेत. आणि एखादे आजोबा '४९' सालचे असले तर दोघांच्याही मते ते अजून जन्मायचेत. ज्येष्ठ नागरिकाची सवलत मागायला गेलेल्या माणसाला 'आधी जन्माला या' म्हणून सांगणारं हे शास्त्र आहे.

हे सगळं परक्यांचं म्हणून हसायला आपल्याला फारशी जागा नाही. श्रावण वद्य अष्टमीला आपण गोकुळाष्टमी करतो. उत्तर हिंदुस्थानातले लोक भाद्रपद कृष्ण अष्टमीला करतात. दिवस एकच! आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात आपण श्रावणात असतो तेव्हा ते भाद्रपदात गेलेले असतात. कृष्ण एकदाच जन्मला. भटजींचे डिफॉल्ट दोन. १९५२ साली सरकारनं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तर तिला देशात तीसएक वेगवेगळी पंचांगं चालू असलेली सापडली. १९५७ च्या २२ मार्चला सरकारी भारतीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. ती आजही राजपत्रावर आणि आकाशवाणीवर असते. तिच्याप्रमाणे आज तारीख काय, असं दहा जणांना विचारून पाहा. जो बरोबर सांगेल त्याच्या पाया पडा.

पेशवाईतली पत्रं त्याहून बहारीची. त्यांत चंद्राचा 'छ', पुढं आकडा, मग मुसलमानी महिना. आणि पुष्कळदा साल नाहीच! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होतं, मग कशाला लिहा? हाच तो डिफॉल्ट. त्या न लिहिलेल्या सालापायी इतिहासाचार्य राजवाड्यांपासून रियासतकार सरदेसायांपर्यंत किती विद्वानांचे डोळे गेले असतील! १८९६ साली रॉबर्ट सेवेल आणि आपले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मिळून भारतीय पंचांगावर मोठा ग्रंथ केला, तो अशा गाठी सोडवायलाच. मात्र साल लिहिलंच तर ते सुहूर सनाचं आणि चक्क शब्दांत. 'सबा सितैन मया व अलफ'. सात, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे ११६७, आपलं १७६६-६७. ह्या सनाचं वर्ष मृग नक्षत्राला बदले. जूनवरचा आपला जीव किती जुना आहे ते यावरून ध्यानात येईल.

आणि शिवाजी महाराजांची तारीख? जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा आहे. तो १९ फेब्रुवारी १६३० हे राज्य सरकारनं २००१ साली मान्य केलं, तोवर किती पिढ्या त्यावर भांडल्या. मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या यंत्राला विचार, त्या दिवशी वार कोणता होता." त्यानं विचारलं. यंत्र म्हणालं, मंगळवार. मी दचकलो. पण घोटाळा जेध्यांचा नव्हता. ती तारीख ज्या इंग्रजी पद्धतीतली आहे तिच्यात तेव्हा जुनं जूलियन कॅलेंडर चालू होतं. यंत्र मात्र नवं ग्रेगोरियन गृहीत धरून मागं मोजत जातं. नव्या हिशेबानं तो दिवस १ मार्च येतो, आणि १ मार्च १६३० टाकल्यावर यंत्रानं निमूट शुक्रवार दिला. जेध्यांच्या कारकुनाचा वार साडेतीन शतकांनंतरही बरोबर.

इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ साली. २ सप्टेंबरचा बुधवार संपला आणि दुसऱ्या दिवशी गुरुवारी १४ सप्टेंबर उजाडला. मधले अकरा दिवस नाहीतच. ही कटकट टाळायला एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या रकान्यानं दारच १ जानेवारी १७५३ ला उघडलं. त्याआधीची तारीख आत घेतच नाही. त्यामुळे पानिपत त्यात बसतं, माधवराव बसतात. पण १७४० साली गेलेले थोरले बाजीराव बाहेर, आणि रायगडावरचा राज्याभिषेकही बाहेर! २००८ साली मायक्रोसॉफ्टनं नवा रकाना काढला, तो सन १ पासून चालतो, तेव्हा कुठं महाराजांना आत प्रवेश मिळाला. ज्यांनी साल्हेर-मुल्हेर घेतले त्यांना एका रकान्यासाठी थांबावं लागलं.

इथपर्यंत मजा होती. पण आमच्या शेजारच्या काकूंकडे एक पत्र आलं, तेव्हापासून मी ५/८ कडे जरा बिचकून बघतो.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पाच ऑगस्टला गेले. काकूंनी दाखला दिला, फॉर्म भरले, सगळं रीतसर. चार-पाच महिन्यांनी एका कार्यालयातून पत्र : निवृत्तिवेतनधारक ८ मे रोजी मयत असूनही त्यापुढील काळात पूर्ण निवृत्तिवेतन उचलल्याचे दिसून येते, सबब कुटुंब निवृत्तिवेतनाशी येणारा फरक भरणा करावा. काकूंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून माझ्या हातात दिलं, पत्राऐवजी चष्मा. मग पत्र दिलं.

मी भाच्याला फोन केला. तो एका क्षणात म्हणाला, "मामा, दिवस-महिना उलटलाय. कुठून तरी फाईल आली असणार दिवस-आधीच्या पद्धतीची, आणि भरताना यंत्र महिना-आधीच्या सेटिंगवर असणार. अजून पुष्कळांना पत्रं गेली असतील. महिन्याच्या एक ते बारा तारखेला गेलेल्यांनाच फक्त." तेरा तारखेला किंवा पुढं गेले असते तर यंत्र अडखळलं असतं, कुणीतरी पाहिलं असतं. मरायलासुद्धा पंधरवडा बघून मरावं लागतं म्हणजे.

काकूंना घेऊन मी त्या कार्यालयात गेलो. टेबलापलीकडचा मुलगा भला होता. त्यानं पडदा आमच्याकडे वळवून दाखवला, "बघा ना आजोबा, सिस्टीममध्ये आठ मेच आहे." काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, आषाढीला हे माझ्याशेजारी बसून टीव्हीवर वारी बघत होते. मी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती ह्यांना कमी तिखट लागली. मग ते कोण होते?"

तो मुलगा काही बोलला नाही. आठ मे ते पाच ऑगस्ट, हे दिवस मी नंतर मोजले : एकोणनव्वद. फरकाची रक्कम काही फार मोठी नव्हती. काकू भरूनही मोकळ्या झाल्या असत्या. पण त्यांचं म्हणणं पैशाचं नव्हतंच. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षांच्या संसारातले शेवटचे तीन महिने आहेत ते. ते कसे सोडू?"

सुटका झाली ती मृत्यूच्या दाखल्यामुळे नव्हे; त्यावरही तारीख आकड्यांतच होती आणि तीही पाच-आठच. सुटका झाली ती काकूंनी भरलेल्या एका जुन्या पद्धतीच्या फॉर्ममुळे. त्या मुलानं कपाटातून तो शोधून काढला. त्यात एक ओळ होती : 'दिनांक (अंकी)'. आणि तिच्याखाली : '(अक्षरी)'. काकूंनी तिथं आपल्या शाळामास्तरणीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाच ऑगस्ट', आणि पुढं साल. मुलानं ते वाचलं, मान हलवली, वरिष्ठांकडे गेला. महिन्याभरात दुसरं पत्र आलं. काका पुन्हा पाच ऑगस्टपर्यंत जगले.

ही 'अक्षरी'ची ओळ आपण आयुष्यभर हसण्यावारी नेली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. चेकवर रुपये अंकी आणि अक्षरी. कुण्या वेळकाढू कारकुनाचं काम, असं म्हणत आलो. पण पेशव्यांच्या फडावर बसून 'सबा सितैन' लिहिणारा, शाळेच्या रजिस्टरात टाक बुडवणारा आणि तो फॉर्म छापणारा, हे सगळे एकाच जातीचे शहाणे. आकडा घसरतो, उलटतो, पुसला जातो. अक्षर आपल्या जागी राहतं, हे त्यांना ठाऊक होतं. ओरॅकलच्या कर्त्यांनी महिन्याची तीन अक्षरं ठेवली तेव्हा त्यांच्याही मनात असाच काहीसा विचार असावा. फक्त मास्तरांनी सगळं लिहिलं असतं, ते तीन अक्षरांवर थांबले.

आता जगानं यावर तोड काढली आहे. १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं आयएसओ ८६०१ नावाचा नियम केला : आधी वर्ष चार आकडी, मग महिना, मग दिवस. आधी मोठं, मग लहान. १९९२ च्या एसक्यूएलच्या मानकानंही तारीख लिहायला हाच क्रम घेतला. फायदा असा की, अशा तारखा नुसत्या आकड्यांच्या क्रमानं लावल्या तरी आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. भाच्यानं मला हे फार कौतुकानं सांगितलं.

मी म्हटलं, "अरे, मागच्या महिन्यात तुझ्याच घरी सत्यनारायण झाला. गुरुजींनी संकल्प सोडला तो आठव. आधी कल्प, मग मन्वंतर, मग युग, मग संवत्सर, मग अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि शेवटी वार. मोठ्याकडून लहानाकडे. तुझ्या आयएसओची सुरुवात वर्षापासून होते. आमचे गुरुजी ब्रह्मदेवाच्या दिवसापासून धरतात. आणि प्रत्येक पूजेला, प्रत्येक यजमानाकडे, पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणतात. गृहीत काही धरत नाहीत."

भाचा थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "मामा, गुरुजी प्रत्येक सेशनला फॉरमॅट स्वतः सेट करतात."

"आणि तेही अक्षरी," मी म्हटलं.